फुटाला दोन सूत

शारजाहून आलेली लोखंडी धाव, म्हणजे चाकाच्या कडेवर चढवायचं कडं, चाकावर बसेना, तेव्हा आधी सगळे हसले. कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगप्रमाणे कापणारं सीएनसी मशीन चालवणाऱ्या फैजने चाकाच्या कडेवर थाप मारली आणि म्हणाला, "मॅडम, पहिया मोटा हो गया. इसकी बिर्याणी बंद करो." ट्रेसी डाबरेही हसली. मग क्रेनने धाव पुन्हा वर उचलली, पुन्हा हळूहळू खाली आणली, आणि लहान पडलेली टोपी डोक्यावर राहते तशी ती चाकावर तिरकी अडकून बसली. ट्रेसीने टेप लावला. धावेचा आतला व्यास एक हजार नऊशे एक्क्याऐंशी मिलिमीटर. चाकाचा व्यास दोन हजार एकोणतीस. फरक अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा.

आता कोणी हसलं नाही.

अल क्वोजच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्या शेडमध्ये चार महिन्यांपासून एक वाफेचं इंजिन उभं राहत होतं. वाफ नाही, आग नाही, एका नव्या मॉलच्या मधल्या चौकात मांडायची पूर्ण आकाराची प्रतिकृती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका इंग्लिश रेल्वे कंपनीने खास एक्स्प्रेस गाड्यांसाठी चोवीस इंजिनं बांधली होती. प्रत्येकाला एकेका काउंटेसचं, म्हणजे उमराव घराण्यातल्या बाईचं, नाव दिलेलं, म्हणून तो 'काउंटेस' वर्ग. हिरवा रंग, पितळी पट्ट्या, आणि मधोमध मोठ्या चाकांची एकच जोडी. एकेक चाक सात फुटांचं. बाजूला उभं राहिलं की फैजसारखा उंच माणूसही मान वर करायचा.

ट्रेसीचं काम होतं इतिहास. वय तेवीस, फिजिक्सची पदवी, कार्डावर 'रिसर्च असोसिएट'. मॉलवाल्यांना इंजिनाशेजारी सहा फलक हवे होते आणि त्यासाठी तिने या वर्गाबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. तिला ती गोष्ट एखाद्या प्रयोगवहीसारखी वाटायची. दट्ट्या मिनिटाला किती वेळा मागेपुढे होईल याला मर्यादा आहे, मग वेग वाढवायचा कसा? चाक मोठं करा, एका फेऱ्यात जास्त जमीन कापली जाईल. पण रूळ धरायला चाकांची जोडी एकच, ओल्या रुळावर ती जागच्या जागी गरगरणार. मग चाकाखाली वाफेच्या झोताने वाळू मारा. तेही जमलं. पंधरा वर्षं या काउंटेस दिमाखात धावल्या. मग डबे लांबले, त्यात जेवणाची टेबलं आली, वजन वाढलं, आणि एकामागून एक चोवीसच्या चोवीस भंगारात गेल्या. एकही उरली नाही. उरला तो फक्त मोठ्या चाकाचा लाकडी पॅटर्न. हा पॅटर्न ओल्या वाळूत दाबून, त्याच्या ठशात वितळलेलं पोलाद ओतून ती चाकं घडवली होती. तिकडच्या एका लहानशा संग्रहालयात तो भिंतीला टेकून उभा होता. इंग्लंडमधले सल्लागार मिस्टर व्हिटकॉम्ब यांनी त्याचा लेझर स्कॅन पाठवला होता, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक, आणि त्यावरून शेडमधलं चाक कापलं होतं. धावेचं माप मात्र जुन्या कारखान्याच्या एका छापील तक्त्यावरून गेलं होतं.

"हू साइन्ड द ड्रॉइंग?"

हा रोनित. प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचा, आता अल बर्शाचा. काचेच्या केबिनमधून तो निघाला तो थेट चाकापाशी. चार वाजता मॉलची माणसं पाहणीला येणार होती, आणि घड्याळात अकरा वाजले होते.

फैजने टॅबवर ड्रॉइंग उघडलं. खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी. 'ड्रॉन' मध्ये डिझाइन टीमचा शिक्का. 'अप्रूव्ड' मध्ये रोनितची आद्याक्षरं. आणि 'चेक्ड' मध्ये गोल, सावकाश, शाळकरी अक्षरातली सही, वर्कशॉपचे फोरमन ज्युड बाप्टिस्ट.

"देअर यू गो," रोनित म्हणाला. "कापायच्या आधी चेक करणं कोणाचं काम? वर्कशॉपचं. एनसीआर फोरमनच्या नावावर काढा. मॉलवाल्यांना सांगू, वर्कशॉपमध्ये एरर झाली, माणूस बदलला. खलास."

एनसीआर म्हणजे काम कशामुळे आणि कोणामुळे बिघडलं हे लिहायचा कागद. त्यावर एकाच नावाची जागा असते.

"माणूस बदलला म्हणजे?" ट्रेसीने विचारलं.

"म्हणजे ऑगस्टमध्ये त्यांचा व्हिसा संपतोय, तो रिन्यू होणार नाही. सिक्स्टी-वन आहेत ते, ट्रेसी. गावी जाऊन आराम करतील."

बाप्टिस्ट अंकल तिथेच चार पावलांवर उभे होते. मराठी त्यांना येत नाही असं समजून रोनित बोलत नव्हता. ते आहेत याचंच त्याला काही वाटत नव्हतं. वसईचे अंकल, एकतीस वर्षं गल्फमध्ये, आणि त्याआधी नऊ वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. ट्रेसीचे वडील त्यांच्याच गावचे. अल कुसैसहून रोज सकाळी ती त्यांच्या जुन्या निस्सानमधून यायची. वाटेत चहावाल्याच्या एका खिडकीवर दाट, उकळलेला करक चहा, आणि 'बाय, आज फलकावर काय लिवलंस?' हा ठरलेला प्रश्न. बाय म्हणजे पोरी, घरच्या मुलीला मारायची हाक.

अंकल नुसते म्हणाले, "आणा कागद. सही करतो."

ट्रेसी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "का करता? तुम्ही ड्रॉइंगप्रमाणेच कापलंत ना?"

"प्रमाणेच."

"मग?"

"मग काय? सही माझी आहे." ते वळले आणि आपल्या बाकाकडे गेले. जाताना एवढं मात्र बोलले, "जेवायच्या आधी आणा. नंतर मला झोप येते."

ट्रेसी रोनितच्या मागोमाग केबिनमध्ये आली तीच दार आपटून. रोनितने वर पाहिलं नाही. "दार मॉलचं नाही, कंपनीचं आहे."

"हे चूक आहे. मशीनने ड्रॉइंग कापलं. ड्रॉइंग स्कॅनवरून आलं. वर्कशॉपचा संबंधच कुठे आहे?"

"मग स्कॅन चुकलाय? इंग्लंडवाल्याचा? प्रूव्ह इट. तीन वाजता त्याच्याशी कॉल आहे. तोपर्यंत मला नंबर दे, इमोशन नको."

नंबर. ठीक आहे, नंबर. ट्रेसी लॅपटॉप उघडून बसली. इंजिनाच्या सांगाड्याचे पत्रे, बफर, धुराडं, यांची मापं छापील ड्रॉइंगवरून घेतली होती, आणि ती सगळी चोख जुळत होती. न जुळणाऱ्या गोष्टी फक्त चाकात होत्या. मधला तुंबा मोठा. आरे लांब. आऱ्यांची जाडीही जास्त. तिने स्कॅनच्या आणि छापील मापांचे भागाकार केले. तुंब्याचा फरक मापाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याइतका. आऱ्यांचाही अठ्ठेचाळिसावा. ती खुर्चीत सरळ झाली. हात चुकला तर चूक कुठे जास्त, कुठे कमी होते. ही सगळीकडे सारखी होती. कोणीतरी हे चाक जाणूनबुजून, हिशेबाने मोठं केलं होतं. फक्त बाहेरच्या कडेचा हिशेब लागत नव्हता, तिथे अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्यावर आणखी सहा मिलिमीटर उरत होते. आणि हे सहा मिलिमीटर तिला सहन होईनात.

चाक ज्याच्यावरून कापलं तो कागद बघायचा म्हणून ती शेडमध्ये गेली. अंकल ड्रॉइंगची छापील प्रत काढून मशीनशेजारच्या फळीवर लावायचे, हा त्यांचा शिरस्ता. सही ते त्या कागदावरच करायचे आणि ऑफिसवाले त्याचा स्कॅन करून टॅबवर चढवायचे. कागद अजून तिथेच होता, कडा तेलकट झालेल्या. चाकाच्या चित्राशेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं, इतकं फिकट की टॅबवरच्या प्रतीत त्याचा मागमूसही नव्हता. अक्षरं देवनागरी. ट्रेसीचं शिक्षण इथलं, देवनागरी तिला हिंदीच्या तासाला जेवढी भेटली तेवढीच. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

'हा पॅटर्न आहे. चाक नाही. स्टील, फुटाला दोन सूत कमी करणे. कडेला लेथसाठी एक एक सूत जादा आहे, तेही कमी करणे.'

"फैज, सूत क्या होता है?"

"अरे मॅडम, आठ सूत का एक इंच. इतना भी नहीं पता? कॉलेज में क्या सिखाया?"

तिने त्या फळीवरच हिशेब मांडला. पुस्तकाप्रमाणे चाक, धाव सोडून, साडेसहा फुटांचं. फुटाला दोन सूत, म्हणजे तेरा सूत. कडेचं एक या बाजूला, एक त्या बाजूला, झाले पंधरा. पंधरा सूत म्हणजे एक इंच आणि सात सूत. मिलिमीटरमध्ये सत्तेचाळीस पूर्णांक सहा.

टेपने सकाळी दाखवले होते अठ्ठेचाळीस.

वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं. पॅटर्न करणारा तेवढं आकसणं आधीच धरून लाकूड मोठं कापतो, आणि कडेला घासून गुळगुळीत करायला थोडं जास्त ठेवतो. धातू तापला की वाढतो आणि निवला की आकसतो, हे तिला आठवीत शिकवलं होतं. त्यावर पाच मार्कांचा प्रश्न होता. तिला पाच मिळाले होते.

आणि मग तिला फेब्रुवारी आठवला, आणि रोनितवर चढलेला सगळा राग जागच्या जागी फिरून तिच्याच अंगावर आला.

फेब्रुवारीत स्कॅन आला तेव्हा पडद्यावर राखाडी चाक फिरत होतं आणि अंकल मागे येऊन उभे राहिले होते. "बाय, हा लाकडाचा पॅटर्न ना?" ती म्हणाली होती, "हो अंकल, एकदम ओरिजिनल." "मग हे माप चाकाचं नव्हे." तिने हसून म्हटलं होतं, "लेझरने घेतलंय, अंकल. पॉइंट वन मिलिमीटर." ते म्हणाले होते, "लेझर बरोबर असेल गं, पण..." आणि तिने फोन कानाला लावून हात वर केला होता. एक मिनिट. ते मिनिट पुढे कधी आलंच नाही. पुस्तकातला साडेसहा फुटांचा आकडा तिला दिसलाही होता. त्यावर तिने स्वतः डिझाइन टीमला ईमेल लिहिली होती. पुस्तकातले आकडे राउंड ऑफ केलेले असतात, स्कॅन जास्त अचूक आहे, स्कॅन वापरा. एखादी गोष्ट काटेकोर मोजता आली की ती तीच गोष्ट आहे का, हे विचारायचंच राहून जातं.

ती अंकलच्या बाकापाशी गेली. ते डबा उघडून बसले होते. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण.

"तुम्ही कागदावर लिहिलं होतंत."

"लिवलं होतं."

"मग पुन्हा का नाही सांगितलंत? कापायच्या आधी ओरडायचं होतं!"

अंकलनी घास खाली ठेवला. आजवर तिने त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आत्ताही त्यांनी चढवला नाही.

"किती वेळा सांगायचं? तुला सांगितलं, तू हात दाखवलास. त्या रोनितला सांगितलं, तो म्हणाला, अंकल, इंजिनिअर लोकांना त्यांचं काम करू द्या. मी कागदावर लिवलं, तो कागद कोणी वाचला नाही. सही नाही केली असती तर मशीन थांबलं असतं, आणि मशीन थांबलं की फोन कोणाला येतो? मला. एकतीस वर्षं मी हेच बघतोय. बोललो तर म्हातारा कटकट करतो. नाही बोललो तर म्हाताऱ्याने सांगायला हवं होतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मला ठाऊक होतं हे बसणार नाय. सही केली, ती माझी चूक. पण मला माप येत नव्हतं, असं कोणी लिवणार असेल तर ते खोटं आहे."

"तुम्ही सही करू नका. मी बघते."

"काय बघते? आता काय बघते तू?" ते उठले आणि नळाकडे निघून गेले.

तीन वाजता कॉल सुरू झाला. व्हिटकॉम्ब पडद्यावर, मागे पुस्तकांचं कपाट. रोनितने गोड आवाजात सांगायला सुरुवात केली की वर्कशॉपमध्ये मापाची गफलत झाली आहे. ट्रेसीने मध्येच विचारलं, "मिस्टर व्हिटकॉम्ब, तुम्ही पाठवलेला स्कॅन पॅटर्नचा होता. आकसण्याचं माप त्यातून वजा केलं होतं का?"

 पडद्यावरचा माणूस म्हणाला की अर्थातच नाही, पॅटर्न तो पॅटर्नच, वजा करायचं असतं हे तुमच्या इंजिनिअरांना माहीत असणार असं त्याने गृहीत धरलं होतं.

रोनितने आवाज बंद केला. "तू काय करतेयस?"

"नंबर देतेय. पंधरा सूत. सत्तेचाळीस पॉइंट सिक्स. हे सगळं अंकलने कागदावर लिहून ठेवलंय. तुला तोंडीही सांगितलं होतं."

"मला काही आठवत नाही."

"मला आठवतं, मलापण सांगितलं होतं. आणि माझी ईमेल आहे. स्कॅन वापरा म्हणून."

रोनित हळू आवाजात म्हणाला, "लिसन. ती ईमेल कोणी मागितलेली नाही. अंकल सही करायला तयार आहेत, ही इज ओके विथ इट. तुझं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतंय. यल्ला, चल, बी स्मार्ट."

"ही इज ओके? एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलंय, नाही, चाळीस. त्यांच्या एका पेन्सिलीत तुझ्या माझ्यापेक्षा आणि त्या लेझरपेक्षा जास्त अक्कल आहे, आणि जाताना त्यांच्या फाइलीत काय लागणार? मोजता येत नाही!" तिचा आवाज काचेबाहेर गेला होता. फैजने मशीन बंद केलं होतं. "आवाज चालू कर, रोनित. नाहीतर मी करते."

त्याने केला नाही. तिने केला. पडद्यावरच्या माणसाला तिने स्वतःची ईमेल मोठ्याने वाचून दाखवली, तारखेसकट. मग एनसीआरचा फॉर्म ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पॅटर्नचं माप चाकाचं समजून वापरलं. वर्कशॉपच्या फोरमनने कापण्यापूर्वी लेखी सूचना दिली होती, ती वाचली नाही.' खाली नाव, ट्रेसी डाबरे. सही. तेलकट कागदाचा फोटो तिने सोबत जोडला, या वेळी कॉन्ट्रास्ट वाढवून. मग म्हणाली, "एकाच नावाची जागा आहे म्हणून माझंच लिहिलंय. पण ड्रॉइंगवर 'अप्रूव्ड' मध्ये तू आहेस, रोनित. ते पुसलं जात नाही."

रोनितने फॉर्म स्वतःकडे ओढून वाचला. "पाहणी शनिवारवर ढकलतो," तो शेवटी म्हणाला. "आणि एचआरला हे जाणार. तुझ्यासकट."

"जाऊ दे."

तिला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जागेवर येऊन तिने दुसऱ्या फलकाचा मजकूर उघडला. 'हे देखणं चाक मुख्य अभियंत्यांनी घडवलं.' हे वाक्य तिचंच होतं. व्हिटकॉम्बच्या फोटोंमध्ये पॅटर्नच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने 'डब्ल्यू. पी.' लिहिलेलं तिने झूम करून पाहिलं होतं, आणि फलकाशी संबंध नाही म्हणून सोडून दिलं होतं. तिने वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं. पॅटर्न करणारा हा डब्ल्यू. पी. कोण, हेच कुठे ठाऊक होतं!

पाच वाजता ती शेडमध्ये गेली. बातमी फैजने आधीच पोहोचवली होती. अंकल चाकासमोर उभे होते, हातात एक जुनी पितळी कडांची पट्टी.

"अंकल, तुमच्या नावावर काही नाही. मी माझं लिहिलं."

"ऐकलं." त्यांनी मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "बरं केलंस असं म्हणू काय? फेब्रुवारीत अर्धं मिनिट ऐकलं असतंस तर आज कोणाचंच नाव लागलं नसतं. तुझं पण नाही."

"हो," ती म्हणाली.

"रोनित म्हणतो, नुसती कड घासून धाव बसवा, बाकी कोणाला कळतंय," अंकल म्हणाले. "आत आरे जाड राहतील. बसवली धाव, तरी चाक खोटंच. मी नाय करणार. नवं कापायचं. शनिवारपर्यंत." त्यांनी बाकावर कोरा कागद पसरला आणि ती पट्टी त्यावर ठेवली. "ही आमची पॅटर्नची पट्टी. हिचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा दोन सूत मोठा. चाकाचं माप हिच्यावर घ्यायचं आणि साध्या पट्टीवर लिवायचं. पहिला तुंबा, मग आरे. कड शेवटी."

"मी लॅपटॉपवर दोन मिनिटांत वजा करून देते."

"लॅपटॉपवर नंतर. आधी हाताने. दोन्ही जुळलं तरच 'चेक्ड' मध्ये माझी सही."

बाहेर निस्सान उभी होती, काचांवर धूळ. रोज या वेळेला ते दोघं गाडीत असायचे आणि ते तिला बाय म्हणून हाक मारायचे. अंकलनी कानामागची पेन्सिल काढली, तिचं टोक अंगठ्यावर तपासलं, आणि तिच्यापुढे धरली.

"घ्या, मॅडम," ते म्हणाले. "तुंब्यापासून."

तिने पेन्सिल घेतली.